वाफ, धूर आणि आपलं ‘चालेल’

स्वयंपाक करता करता ऐकत असाल तर गॅस जरा मंद करा, आणि नंतर वाचत असाल तर निवांत वाचा. आज बोलायचं आहे व्हेपबद्दल.

इथे यूकेत राहणाऱ्या आपल्या प्रत्येकाच्या रोजच्या वाटेवर ही वस्तू आहे. बसस्टॉपवर पुढच्या माणसाच्या डोक्यावर पांढरा ढग उठतो आणि पुढच्या क्षणी आपल्या नाकात कलिंगडाचा नाहीतर बबलगमचा वास शिरतो. ऑफिसच्या दाराशी तेच, हाय स्ट्रीटवर तेच. आणि खरं सांगायचं तर आपल्या गणपतीच्या हॉलमागच्या पार्किंगमध्येही तेच. ‘आपल्यात कुणी ओढत नाही’ हे वाक्य आपण सिगारेटच्या काळातही म्हणायचो, आणि तेव्हाही ते खरं नव्हतं.

त्यामुळे प्रश्नही आपल्या घरातलेच आहेत. जेवायला आलेल्या मित्राने सोफ्यावर बसल्या बसल्या व्हेप काढली, तर काय म्हणायचं? भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांना दमा आहे, त्यांना त्या वाफेचा त्रास होईल का? मुलीच्या दप्तरात रंगीत पेनासारखं काहीतरी सापडलं, तर ओरडायचं की बसून बोलायचं? आणि ज्याने वीस वर्षांची सिगारेट सोडून व्हेप धरली आहे, त्याचं कौतुक करायचं की त्याला टोमणे मारायचे?

मी डॉक्टर नाही. आयटीत सल्लागार आहे. कुणी आकडा पुढे केला की ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारायचं, हे माझं रोजचं काम. व्हेपच्या बाबतीत हा एक प्रश्न नीट विचारला, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी वस्तू समजून घेऊ. व्हेपमध्ये एक लिथियम बॅटरी असते, तापणारी तार असते, त्या तारेला लागून कापसाची वात असते, आणि वातीत मुरलेला द्रव असतो. द्रवात बहुतेक वेळा प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि निकोटिन. कश घेतला की तार तापते आणि द्रवाचे बारीक थेंब हवेत उडतात. आपण त्याला वाफ म्हणतो, पण ती इडलीच्या कुकरची वाफ नव्हे. तिच्यात पाण्याऐवजी रसायनांचे सूक्ष्म थेंब असतात.

मात्र यात काहीही जळत नाही. सिगारेटमध्ये तंबाखूचं पान जळतं, आणि जळण्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. कॅन्सर, हृदयविकार, फुप्फुसांचे आजार यांचा मोठा दोष या जळण्याकडे जातो. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं. जीव घेतो तो मुख्यतः धूर.

आता तो प्रसिद्ध आकडा. २०१५ साली पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेने म्हटलं की व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. हा आकडा तज्ज्ञांच्या अंदाजावर उभा होता, म्हणून त्यावर टीकाही झाली. पण टीका बाजूला ठेवली तरी वाक्य पुन्हा वाचा. ‘सिगारेटपेक्षा’. म्हणजे हा आकडा सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी आहे. ज्या पोरीने आयुष्यात सिगारेट ओढली नाही, तिच्यासाठी तुलना सिगारेटशी नाही, स्वच्छ हवेशी आहे. आणि स्वच्छ हवेच्या तुलनेत व्हेप म्हणजे निव्वळ तोटा. तोटा किती, हा पुढचा प्रश्न. फायदा मात्र शून्य.

इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी सर ख्रिस व्हिटी यांनी २०२३ मध्ये याच अर्थाचं सांगितलं. तुम्ही सिगारेट ओढत असाल तर व्हेप बरीच सुरक्षित आहे. ओढत नसाल तर व्हेपला हात लावू नका. आणि मुलांना ती विकण्याचा धंदा अजिबात मान्य करता येणार नाही. या तीन वाक्यांत एकमेकांना छेद देणारं काही नाही. माणूस बदलला की उत्तर बदलतं, एवढंच.

म्हणून सिगारेट सोडण्यासाठी व्हेप घेणाऱ्याला नावं ठेवू नका. इंग्लंडमध्येच झालेल्या एका चाचणीत ८८६ लोकांचे दोन गट केले होते. एका गटाला व्हेप दिली, दुसऱ्याला निकोटिनचे पॅच, च्युइंगम वगैरे. समुपदेशन दोघांनाही होतं. २०१९ साली निकाल छापून आला. वर्षभरानंतर व्हेपच्या गटातले १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. जवळपास दुप्पट. पण त्याच चाचणीतली दुसरी ओळही वाचा. व्हेपच्या मदतीने ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. सिगारेट सुटली, निकोटिन सुटलं नाही. शिडी चढून वर पोहोचल्यावर शिडीवरच बसून राहण्यातला हा प्रकार. वर्षानुवर्षं व्हेप ओढल्याने काय होतं, हे कळायला तेवढी वर्षं जावी लागतील. ती अजून गेलेली नाहीत.

काही बातम्यांनी भीतीही वाढवली. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली होती आणि ६८ जण दगावले होते. त्यामागे प्रामुख्याने गांजातला अंमली घटक असलेल्या, चोरट्या बाजारातल्या व्हेप आणि त्यांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं. इथल्या दुकानातल्या नियमित व्हेपची ही गोष्ट नाही. पण चोरटा माल इथेही आहे. बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ३८ शाळांत जप्त केलेल्या ५९६ व्हेप तपासल्या. सहापैकी एकीत स्पाइस नावाचं कृत्रिम, अत्यंत घातक अंमली द्रव्य निघालं. मुलं ती साधी व्हेप समजून ओढत होती. हा निष्कर्ष २०२४ चा.

(मध्यंतर संगीत)

पुन्हा स्वागत, मंडळी. आता आपल्या घरातलं जरा अवघड बोलू.

तुमच्यापैकी अनेकांच्या आजीने मिश्री लावलेली तुम्ही पाहिली असेल. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड. घरात कुणी तिला व्यसन म्हणत नसे. दात घासायची वस्तू, बस. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, आणि डबी संपली की आजीचं डोकं दुखायचं, तरीही ती दात घासायचीच वस्तू. नाव साधं असलं की आत काय आहे, हे कुणी विचारत नाही. आज डबीच्या जागी रंगीत नळी आहे, आणि वास स्ट्रॉबेरीचा आहे. आतलं निकोटिन तेच आहे.

दुसरी गोष्ट आपल्या शिष्टाचाराची. ‘मोठ्यांसमोर ओढायची नाही’ हा आपल्याकडचा जुना नियम. काका गच्चीवर जायचे, वडील कोपऱ्यावरच्या टपरीवर. सगळ्यांना माहीत असायचं, आणि कुणी बोलायचं नाही. हा मान राखण्याचा नियम होता, फुप्फुसं राखण्याचा नव्हता. सिगारेटचा वास कपड्यांना, केसांना, बोटांना यायचा, म्हणून निदान घरच्यांना अंदाज तरी यायचा. व्हेपने ती सोय काढून घेतली. तिचा वास फळाचा, आणि तोही दोन मिनिटांत उडून जातो. आता तुमचा मान पूर्ण राखून, तुमच्या बाजूच्या खोलीत, तुमचं मूल दिवसभर निकोटिन घेऊ शकतं. म्हणून ‘आमच्यासमोर नाही ना’ यावर आता समाधान मानता येत नाही.

मग बाहेर वागायचं कसं? कायद्यापासून सुरू करू. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत आणि कामाच्या ठिकाणी सिगारेट ओढायला बंदी आली. तो कायदा जळणाऱ्या वस्तूंसाठी लिहिलेला होता, व्हेप त्यात बसली नाही. म्हणून पब, हॉल, दुकानं, कचेऱ्या यांनी आपापले नियम केले. लंडनच्या बस, ट्यूब आणि स्टेशनांवर व्हेपला मनाई आहे. रेल्वेच्या डब्यांत मनाई आहे. विमानात तर आहेच. व्हेपबद्दलचे कायदे इथे सतत बदलत असतात, त्यामुळे भिंतीवरचा फलक वाचण्याची सवय ठेवा.

आणि फलक नसेल तिथे? तिथे शिष्टाचार लागतो. तो फार अवघड नाही.

छताखाली असाल तर यजमानाला आधी विचारा, आणि एकांतात विचारा. चार लोकांसमोर विचारलंत, तर मराठी माणूस हमखास ‘चालेल, चालेल’ म्हणणार. आपलं ‘चालेल’ म्हणजे दरवेळी होकार नसतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दुसरा पुलाव वाढतानाही आपण ‘चालेल’ म्हणतो, आणि अंगावर चहा सांडला तरी ‘चालेल’च म्हणतो. त्यापेक्षा उत्तम म्हणजे न विचारता उठून बाहेर जा.

बाहेर असाल तर वारा कुठून कुठे वाहतोय ते बघा. रांगेत, बसस्टॉपवर, शनिवारच्या फुटबॉलच्या मैदानाकडेला, बाबागाडीशेजारी ढग सोडू नका. दाराच्या अगदी तोंडाशी उभं राहू नका, येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातूनच जावं लागतं.

हॉलच्या स्वच्छतागृहात जाऊन ओढू नका. धुराच्या गजराला धूर आणि दाट ढग यांतला फरक दरवेळी कळत नाही. आरती रंगात आलेली असताना तीनशे लोकांना पावसात बाहेर उभं करण्याची जबाबदारी आपल्यावर येईल.

गाडीत मुलं असतील तर नाही म्हणजे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालील मूल बसलेल्या बंद गाडीत सिगारेट ओढणं बेकायदा झालं. त्या नियमात व्हेप नव्हती. पण काचा बंद, मूल मागे, आणि थंडीत हवा खेळती नाही, हे समजायला कायदा कशाला हवा?

शेजाऱ्याच्या वाफेने कितपत त्रास होतो, हाही प्रश्न नेहमी येतो. सिगारेट हातात नुसती धरली तरी जळत राहते आणि धूर सोडते. व्हेपमधून बाहेर येतं ते बहुतांशी माणसाने सोडलेल्या उच्छ्वासातूनच. त्यामुळे बाजूच्या माणसाच्या वाट्याला बरंच कमी येतं. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या रक्ततपासणीच्या आकड्यांवरून लंडनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की घरात फक्त व्हेप ओढली जाते तिथल्या मुलांच्या शरीरात सिगारेटच्या घरातल्या मुलांच्या तुलनेत बरंच कमी निकोटिन पोहोचतं. पण जिथे दोन्ही नाही, त्या घरांतल्या मुलांपेक्षा ते जास्तच होतं. पुन्हा तोच प्रश्न, कशाच्या तुलनेत? दम्याच्या आजोबांसाठी आणि लहान बाळासाठी उत्तर सरळ आहे. त्यांच्या खोलीत नको.

शिष्टाचार दुसऱ्या बाजूनेही लागतो. तुम्हाला त्रास होत असेल तर नाकाला पदर लावून बाजूच्याशी कुजबुजू नका. थेट आणि शांतपणे सांगा: ‘अरे, जरा बाहेर जाऊन येतोस का? बाळ झोपलंय.’ एवढंच. ‘शोभतं का तुला हे’ असं प्रवचन नको. तो माणूस कदाचित वीस सिगारेटींवरून इथवर आला असेल, आणि तुमच्या एका टोमण्याने परत पाकिटाकडे वळेल.

आता मुलांचं. ॲश या धूम्रपानविरोधी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ११ ते १७ वयाच्या सुमारे पाचपैकी एका मुलाने एकदा तरी व्हेप ओढून पाहिली होती. ग्रेट ब्रिटनमधली ही मुलं. आपल्या मुलांचे वर्ग त्याच शाळांत भरतात. अठरा वर्षांखालच्यांना व्हेप विकणं इथे बेकायदा आहे. १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेप विकायलाही सगळ्या यूकेत बंदी आहे. तरी ती हाताला लागते.

वाढत्या वयात मेंदूला निकोटिनची सवय लवकर जडते. नव्या व्हेपमध्ये निकोटिन अनेकदा क्षाराच्या रूपात असतं. ते घशाला खुपत नाही, त्यामुळे पहिल्या कशाला ठसका लागून पोर घाबरेल, ही जुनी आशाही उरलेली नाही. सवय लागली की चिडचिड, एकाग्रता न होणं, तासाभरात स्वच्छतागृहाकडे धाव, अशा गोष्टी दिसू लागतात. अर्थात वयात येणाऱ्या मुलांत यांतल्या निम्म्या गोष्टी तशाही असतात, त्यामुळे लगेच दप्तर उलटं करू नका.

व्हेप सापडलीच, तर पहिला प्रश्न ‘लोक काय म्हणतील?’ हा नसू द्या. पहिला प्रश्न ‘यात काय आहे, आणि कुठून आली?’ हा असू द्या. स्पाइसची गोष्ट आठवा. कुणाकडून आली हे कळणं शिक्षेपेक्षा महत्त्वाचं आहे. मग विचारा, ‘न ओढता किती वेळ राहू शकतेस?’ उत्तर ‘दिवसभर’ असेल तर समजावणं पुरेल. उत्तर ‘दुपारपर्यंत’ असेल तर ती वाईट वागणूक राहिली नाही, ती सवय आहे. सवयीला मदत लागते. जीपीकडे जा, शाळेच्या नर्सशी बोला. मुलाला एकदा कळलं की घरात सांगता येतं, तर पुढची गोष्टही ते घरातच सांगेल.

घरातल्या वस्तूंबद्दल दोन सूचना. इथल्या नियमाने द्रवात मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन असू शकतं, टाकी २ मिलिलिटरची आणि बाटली १० मिलिलिटरची. म्हणजे भरलेल्या एका बाटलीत २०० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन. ती दोन वर्षांच्या पोराच्या हाती लागली तर काय होईल, हे सांगायला नको. औषधांसारखी वर, कुलपात ठेवा. पोटात गेल्याची शंका आली तर १११ ला फोन करा, मूल मलूल पडलं किंवा झटके आले तर थेट ९९९. पाहुणे आले की त्यांच्या कोटाच्या खिशांकडेही लक्ष असू द्या.

दुसरं, संपलेली व्हेप कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आत लिथियम बॅटरी असते, कचऱ्याच्या गाडीत दबली की पेट घेते. व्हेप विकणाऱ्या दुकानांनी जुन्या परत घ्यायच्या असतात. तिथेच द्या.

आणि शेवटचं, भारतवारीचं. डिसेंबरची तिकिटं काढली असतील, तर हे नीट ऐका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, वाहतूक, विक्री, साठवण हे सगळं गुन्हा आहे. आयात, वाहतूक किंवा विक्री यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘माझ्यापुरती एकच आहे’ अशी सवलत त्या कायद्यात नाही. इथे हीथ्रोच्या दुकानात जी वस्तू उघड मांडलेली असते, ती मुंबईच्या कस्टमसमोर तुमच्याविरुद्धचा पुरावा होते. भावाच्या मुलासाठी भेट म्हणून तर अजिबात नेऊ नका. व्हेपवर सिगारेट सोडलेली असेल तर जाण्यापूर्वी फार्मसिस्टशी बोला आणि तीन आठवड्यांसाठी पॅच किंवा निकोटिनची च्युइंगम घेऊन जा. नाहीतर गावी पोहोचल्यावर टपरीवरची पहिली सिगारेट तुमची वाटच बघत असेल.

तर मंडळी, थोडक्यात सांगायचं तर सिगारेट ओढणाऱ्यासाठी व्हेप ही धुरातून बाहेर पडायची वाट आहे. त्याला त्या वाटेने जाऊ द्या, आणि पुढे कधीतरी तीही सोडायची आहे याची प्रेमाने आठवण द्या. न ओढणाऱ्यासाठी ती कशाचीच वाट नाही. आणि बाकी आपण सगळे, जे कधी हातात न धरताही ती हवा घेतो, त्यांनी पुढच्या वेळी ‘चालेल’ म्हणण्याआधी एक क्षण थांबावं. खरंच चालत असेल तरच म्हणावं.

तुमच्या घरात यावर काय बोलणं झालं, ते आम्हाला जरूर कळवा. नावं आम्ही वाचून दाखवत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. काळजी घ्या. नमस्कार.